ईडिपसचा दोष कोणता? : ग्रीक ट्रॅजेडीच्या परिभाषेविषयी

सोफोक्लीसचे 'ईडिपस राजा' ज्या वर्षी अभ्यासक्रमात असते त्या वर्षीच्या उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या, की एक उत्तर हमखास भेटते. ईडिपस हा थोर पुरुष होता, प्रजाहितदक्ष राजा होता. परंतु त्याच्या स्वभावात एक दोष होता आणि त्या दोषामुळे त्याचा नाश झाला. दोष कोणता याविषयी मात्र एकमत नसते. कोणी संताप म्हणतो, कोणी अहंकार, कोणी उतावळेपणा, तर कोणी सत्य जाणून घेण्याचा अतिरेकी हट्ट. उत्तराच्या शेवटी 'यालाच ॲरिस्टॉटल हॅमर्शिया म्हणतो' असे वाक्य येते, त्याखाली रेघ मारलेली असते, आणि परीक्षक गुण देऊन पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

यात विद्यार्थ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांना हेच शिकवले जाते. मी स्वतः अध्यापनाच्या पहिल्या काही वर्षांत हेच वाक्य फळ्यावर लिहून दिलेले आहे, आणि ते वहीत उतरवून घेणाऱ्यांपैकी काही जण आज स्वतः शिकवत असतील याची मला थोडी लाजही वाटते. हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. ई. आर. डॉड्स या ग्रीक वाङ्मयाच्या थोर अभ्यासकाने 'ईडिपस राजा'विषयीच्या गैरसमजांवर १९६६ साली जो निबंध लिहिला, त्याचा आरंभ ऑक्सफर्डच्या परीक्षार्थींच्या उत्तरांपासूनच होतो. त्या निबंधाला सहा दशके होत आली. तरीही आपल्या वर्गांतून ईडिपसचा दोष शोधण्याचे काम थांबलेले नाही.

प्रश्न एका संज्ञेच्या अचूक अर्थाचा असता, तर तो तळटीपेत मिटवता आला असता. पण माझे म्हणणे असे आहे, की ट्रॅजेडीच्या अभ्यासासाठी आपण वापरत असलेल्या पारिभाषिक शब्दांपैकी बरेचसे शब्द नाटक वाचण्यापूर्वीच निकाल देऊन टाकतात. आणि तो निकाल बहुधा एकच असतो : ज्याला भोगावे लागले, त्याचेच काहीतरी चुकले असणार. साहित्य शिकताना मनाला ही सवय लागली तर ती वर्गापुरती राहत नाही. म्हणून या शब्दांकडे जरा सावकाश पाहायला हवे.

हॅमर्शिया हा आपण इंग्रजीच्या वळणाने उच्चारतो तो शब्द ग्रीकमध्ये 'हामार्तिया' आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या क्रियापदाचा जुना अर्थ नेम चुकणे असा आहे. होमरच्या महाकाव्यात भाला फेकला आणि तो लागला नाही, तर हेच क्रियापद येते. नेम चुकणाऱ्याचा हात वाईट असतो असे नाही, त्याचा हेतू वाईट असतो असेही नाही. त्याने ज्या ठिकाणी मारले तेथे ते लागले नाही, एवढेच. पुढे शब्दाची व्याप्ती वाढली आणि चूक, प्रमाद, अपराध अशा अनेक छटा त्याला चिकटल्या. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या ग्रीक 'नव्या करारा'त तर हाच शब्द पाप या अर्थी रूढ झाला, आणि मराठी बायबलमध्ये त्याच्या जागी आपण 'पाप' हाच शब्द वाचतो. त्यानंतरच्या शतकांतील युरोपीय वाचकाने ॲरिस्टॉटल हाती घेतला तेव्हा हा नंतरचा अर्थ त्याच्या कानात आधीपासूनच होता.

यानंतर शेक्सपिअर आला. ए. सी. ब्रॅडली यांच्या १९०४ सालच्या व्याख्यानसंग्रहाने शेक्सपिअरच्या शोकनाट्यांतील अनर्थाचे मूळ नायकाच्या व्यक्तित्वात, त्याच्या एकांगी ओढीत शोधले. मॅक्बेथची महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लोचा संशय अशी जी सूत्रे पाठ्यपुस्तकांत पुढे घट्ट झाली, त्यांच्या पाठीशी ही दृष्टी आहे. शेक्सपिअरपुरती ती फलदायी ठरली हे नाकारण्याचे कारण नाही. पण तोच साचा मागे नेऊन दोन हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्सवर बसवला गेला, आणि त्यावर ॲरिस्टॉटलच्या नावाचा शिक्का मारला गेला.

मराठीत तर ही वाट अधिकच सरळ होती, कारण आपल्या रंगभूमीला ट्रॅजेडी भेटली ती ग्रीकांकडून नव्हे, शेक्सपिअरकडून. आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणले (१८८३) त्याला नाव दिले 'विकारविलसित'. जे घडते ते मनातील विकारांचा विलास आहे, हे शीर्षकच सांगते. देवलांच्या 'झुंझारराव'मध्ये (१८९०) ऑथेल्लोचा मत्सर आला. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त सुधाकरासारखा बुद्धिमान वकील एका व्यसनापायी स्वतःची आणि सिंधूची राखरांगोळी करतो. या परंपरेत वाढलेल्या प्रेक्षकाला 'थोर माणूस आणि त्याचा एक दोष' हे सूत्र स्वाभाविक वाटावे यात नवल नाही. सुधाकराला ते बरेचसे लागूही पडते. ईडिपसला ते लागू पडत नाही, आणि मुख्य म्हणजे ॲरिस्टॉटल तसे म्हणतच नाही.

'काव्यशास्त्रा'च्या तेराव्या प्रकरणात ॲरिस्टॉटल कोणत्या प्रकारच्या माणसाचे पतन दाखवावे याचा विचार करतो. अत्यंत सज्जन माणूस सुखातून दुःखात पडला तर ते पाहून केवळ किळस येते. दुर्जन माणूस दुःखातून सुखात गेला तर त्याहून विपरीत काही नाही. पक्का दुर्जन सुखातून दुःखात पडला तर आपल्या न्यायबुद्धीला बरे वाटेल, पण करुणा किंवा भीती वाटणार नाही. उरतो तो या दोहोंमधला माणूस : सद्गुणात व न्यायात असामान्य नसलेला, पण दुष्टपणामुळे किंवा अधमपणामुळे नव्हे, तर काही एका हामार्तियामुळे विपत्तीत पडणारा. या विधानात दुष्टपणाचा निषेध आधी येतो आणि हामार्तिया नंतर येते. ज्या शब्दाच्या आधी 'दुष्टपणामुळे नव्हे' असे स्पष्ट म्हटले आहे, त्याच शब्दात आपण पुन्हा नैतिक दोष आणून बसवतो.

हामार्तियाचा अर्थ ॲरिस्टॉटलच्या मनात कोठे होता याचा अंदाज त्याच्या 'नीतिशास्त्रा'वरून घेता येतो. तेथे पाचव्या खंडात तो माणसाच्या हातून घडणाऱ्या इजांचे प्रकार सांगतो. ज्याची अपेक्षाच करता आली नसती अशी इजा म्हणजे दुर्दैवी अपघात. ज्याची कल्पना येऊ शकली असती, पण ज्यामागे दुर्बुद्धी नव्हती, ती चूक. येथे त्याने हामार्तियाच्याच कुळातील शब्द वापरला आहे. जाणूनबुजून, पण पूर्वनिश्चयाशिवाय केलेले कृत्य म्हणजे अन्याय; आणि पूर्वनिश्चयाने केलेले असेल तर तो करणाराच दुष्ट. म्हणजे ही चूक अपघात आणि अन्याय यांच्या मधल्या पट्ट्यात राहते. ती माणसाच्या हातूनच घडते, पण तिच्यावरून त्याच्या स्वभावाचा निवाडा करता येत नाही.

आता यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ट्रॅजेडीने करुणा आणि भीती जागवावी असे ॲरिस्टॉटल म्हणतो. ज्या ग्रीक शब्दाला आपण करुणा म्हणतो तो 'एलेओस', आणि त्याची व्याख्या त्याने 'वक्तृत्वशास्त्रा'त दिली आहे : जो पात्र नाही अशा माणसावर ओढवलेले, आणि आपल्यावर किंवा आपल्या माणसांवरही ओढवू शकेल असे अनिष्ट पाहून होणारे दुःख. 'जो पात्र नाही' ही अट या भावनेची केवळ शोभा नव्हे, तो तिचा गाभा आहे. तेराव्या प्रकरणातही तो हेच पुन्हा सांगतो. मग ईडिपसचा नाश त्याच्या स्वभावदोषाचे फळ असेल, तर तो त्या नाशाला निदान अंशतः पात्र ठरतो. आणि जितका पात्र ठरतो तितकी करुणा ओसरते. दोष शोधणारा विद्यार्थी नकळत ॲरिस्टॉटलच्या सिद्धान्ताचा पायाच काढून घेत असतो आणि त्याबद्दल आपण त्याला गुण देत असतो.

येथे 'करुण' या आपल्या शब्दाचीही एक अडचण नोंदवली पाहिजे. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण रसाचा स्थायीभाव शोक आहे. प्रिय व्यक्तीचा वियोग, वध, बंधन यांतून तो उपजतो. भोगणारा त्या दुःखाला पात्र होता की नव्हता, हा हिशेब एलेओसमध्ये जसा व्याख्येतच आहे, तसा शोकात नाही. म्हणून 'ट्रॅजेडी म्हणजे करुणरसप्रधान नाटक' हे समीकरण सोयीचे असले तरी ते एक प्रश्नच पुसून टाकते.

हामार्तियाच्या योग्य अर्थाला आणखी एक पुरावा ॲरिस्टॉटलच्या रचनाविचारातच आहे. उत्तम कथानकात दोन गोष्टी एकत्र याव्यात असे तो म्हणतो : 'पेरिपेतेइया' म्हणजे कृतीचे उलट दिशेला वळणे, आणि 'अनाग्नोरिसिस' म्हणजे अज्ञानातून ज्ञानाकडे जाणे, ओळख पटणे. पहिल्याचे उदाहरण तो याच नाटकातून देतो. कॉरिंथहून आलेला दूत ईडिपसला आईविषयीच्या भीतीतून सोडवायला येतो, आणि तो खरा कोण हे उघड करून नेमके उलट घडवतो. ओळख पटायची तर आधी अज्ञान हवे. हामार्तिया त्या अज्ञानातली चूक आहे असे मानले, की तीनही संज्ञा एकमेकींत बसतात : न कळता नेम चुकला, घटना उलटली, आणि मग कळले. याउलट हामार्तिया म्हणजे संताप असे मानून पाहा. मग शेवटी ईडिपसला कशाची ओळख पटते? मी तापट आहे याची? नाटकात असे काही घडत नाही. त्याला ओळख पटते ती आपण कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा आणि कोणाचा मारेकरी आहोत याची.

नाटकाकडे वळले तर हे अधिक स्पष्ट होते. कॉरिंथच्या राजाराणीला आपले आईबाप समजणारा हा तरुण डेल्फीची वाणी ऐकून घरी परतत नाही. आपल्या हातून पित्याचा वध होऊ नये, आईशी संग होऊ नये, हाच त्याचा नेम आहे. तीन वाटा मिळतात त्या ठिकाणी रथातील माणसे त्याला बळाने वाटेवरून ढकलू पाहतात. तो सारथ्याला मारतो. रथातला वृद्ध त्याच्या डोक्यावर पराणी हाणतो. आणि तो सगळ्यांना ठार करतो. परतफेड समसमान नव्हती, हे तो स्वतःच योकास्तेला सांगतो. संताप येथे आहेच, तो कोणी नाकारत नाही. पण त्या संतापामुळे तो वृद्ध त्याचा पिता झाला नाही. अनोळखी माणसाशी झालेल्या मारामारीला पितृहत्येचे रूप आले ते त्याला जे ठाऊक नव्हते त्यामुळे. सोफोक्लीसच्या मरणानंतर, इ.स.पू. ४०१ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'कोलोनस येथील ईडिपस'मध्ये वृद्ध ईडिपस क्रेऑनला हेच विचारतो : आत्ता येथे कोणी तुला मारायला धावला, तर तो तुझा बाप आहे का याची आधी चौकशी करशील, की त्याला परतवशील?

अथेन्सच्या प्रेक्षकाला हा भेद परका नव्हता. हेतुपूर्वक केलेला मनुष्यवध, न कळत घडलेला वध आणि कायद्याने क्षम्य असा वध यांसाठी तेथे वेगवेगळी न्यायासने होती. मग ईडिपस निरपराध असेल तर तो स्वतःचे डोळे का फोडतो, थीब्समधून हाकलून द्या असे का म्हणतो? याचे उत्तर आणखी एका ग्रीक शब्दात आहे : 'मिआस्मा'. रक्तपातातून, मृत्यूतून लागणारी अशुद्धी. ती हेतू विचारत नाही. येथे मराठी विद्यार्थ्याला एक सोय आहे जी लंडनच्या विद्यार्थ्याला नाही. घरात मृत्यू झाला की सुतक येते. ज्यांना येते त्यांनी काही पाप केलेले नसते, हे आपल्याला सांगावे लागत नाही. दोषावाचून अशौच ही कल्पना आपल्या घरातली आहे. 'विटाळ' हा शब्द मात्र मी येथे टाळतो. आपल्या समाजात तो माणसांवर जन्मावरून लादला गेला आहे, आणि तो इतिहास बाजूला ठेवून त्याचा निरागस पारिभाषिक वापर करता येणार नाही. सुतक किंवा अशौच म्हटले, की ईडिपस एकाच वेळी निरपराध आणि अशुद्ध कसा असू शकतो, हे कळायला वेळ लागत नाही.

'ह्युब्रिस' या शब्दाची कथाही अशीच आहे. आपण त्याला उन्मत्त अहंकार म्हणतो आणि नायकाच्या दोषांच्या यादीत सर्वांत वर लिहितो. पण 'काव्यशास्त्रा'च्या हामार्तियाविषयक विवेचनात ह्युब्रिसचा उल्लेख नाही. ॲरिस्टॉटलने त्याची व्याख्या केली आहे ती 'वक्तृत्वशास्त्रा'त, आणि तेथे तो मनाचा गुण नसून दुसऱ्याशी केलेले वर्तन आहे : स्वतःचा काही लाभ नसताना केवळ आनंदासाठी दुसऱ्याची मानहानी करणे. अथेन्समध्ये हा फिर्याद करण्याजोगा गुन्हा होता. डायोनिससच्या उत्सवात वृंदाचा खर्च उचलणाऱ्या डेमॉस्थेनिसला मेडियास नावाच्या धनिकाने भर नाट्यगृहात ठोसा मारला. त्याविरुद्ध त्याने रचलेल्या भाषणात हाच शब्द पुन्हापुन्हा येतो. ट्रॅजेडीत ह्युब्रिस नाही असे नव्हे. इस्किलसच्या 'पर्शियन्स'मध्ये (इ.स.पू. ४७२) दारियसचे भूत आपल्या मुलाच्या स्वारीविषयी तो शब्द वापरते, आणि तेथे देवळे जाळणारी सेना समोर असते. 'ईडिपस राजा'तील वृंदही तो उच्चारतो. पण प्रत्येक मोठ्या माणसाच्या ताठ मानेला ह्युब्रिस म्हणत सुटलो, तर तो शब्द काही सांगेनासा होतो.

आता 'नियती'. ग्रीक शब्द 'मोइरा'. त्याचा मूळ अर्थ आहे वाटा, हिस्सा. मराठीत याहून नेमके काही सापडणार नाही, कारण आपणही म्हणतो, 'हे माझ्याच वाट्याला का आले?' तरीही टिपणवह्यांतून आपण मोइराला 'प्रारब्ध' म्हणतो. प्रारब्ध म्हणजे पूर्वकर्मांपैकी ज्यांचे फळ भोगायला सुरुवात झाली आहे ते. शब्द उच्चारताच खातेवही उघडते : आत्ता नाही, तर मागच्या जन्मी काही केले असेल. सोफोक्लीसने ही वही मुद्दाम बंद ठेवली आहे असे दिसते. ईडिपसच्या पित्याच्या जुन्या अपराधाच्या कथा ग्रीकांकडे होत्या. 'ईडिपस राजा'त त्यांपैकी एकीचाही आधार घेतलेला नाही. लायसला वाणी मिळाली एवढेच कळते, का मिळाली ते कळत नाही. हा 'का' रिकामा ठेवण्यात नाटकाची सारी भीती आहे. प्रारब्ध हा शब्द तो रिकामेपणा भरून टाकतो आणि वाचकाला स्वस्थ करतो.

खुद्द 'शोकांतिका' हा शब्दही असाच शेवट आधी सांगून टाकतो. शोकात अंत होणारे नाटक ते शोकांतिका, असे शिकलेला विद्यार्थी इस्किलसच्या 'ओरेस्तेइया' (इ.स.पू. ४५८) या नाट्यत्रयीच्या अखेरीस गोंधळतो. तेथे सूडदेवता शांत होतात, नगरात त्यांना मानाची जागा मिळते आणि मिरवणुकीने नाटक संपते. सोफोक्लीसचे 'फिलोक्तेतेस', युरिपिडीसचे 'हेलेन' ही नाटकेही दुःखात संपत नाहीत, आणि तरी अथेन्सच्या स्पर्धेत ती 'त्रागोदिया' म्हणूनच उतरली होती. ॲरिस्टॉटल स्वतः तेराव्या प्रकरणात दुःखान्ताची बाजू घेतो, पण पुढच्याच प्रकरणात ओळख वेळेवर पटून अनर्थ टळतो अशा कथानकाला सर्वोत्तम म्हणतो. या दोन विधानांचा मेळ कसा घालावा यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण शेवट सुखाचा म्हणून ती ट्रॅजेडी नव्हे, असे त्याला वाटत नव्हते एवढे निश्चित. मराठीत काहींनी वापरलेला 'शोकात्मिका' हा पर्याय मला म्हणूनच अधिक बरा वाटतो. ते नाटक शेवटापेक्षा आशयाकडे बोट दाखवते. या लेखात मी सरळ 'ट्रॅजेडी' म्हटले आहे, कारण निदान तो शब्द आधीच काही कबूल करून घेत नाही.

'कॅथार्सिस'साठी आपण 'विरेचन' म्हणतो तेव्हाही एक वाद परस्पर मिटवलेला असतो. विरेचन हे आयुर्वेदातील पंचकर्मांपैकी एक. शरीरातील दोष खालच्या वाटेने बाहेर काढणे. याकोब बर्नायस यांनी १८५७ साली कॅथार्सिसचा असाच वैद्यकीय अर्थ मांडला. त्याआधी लेसिंगने भावनांचे नैतिक शुद्धीकरण असा अर्थ घेतला होता. अलीकडच्या काळात मार्था नुस्बाउम (१९८६) यांच्यासारख्यांनी भावनांच्या द्वारे येणारी स्पष्टता असा अर्थ सुचवला. 'काव्यशास्त्रा'त ट्रॅजेडीच्या परिणामाविषयी हा शब्द एकदाच, व्याख्येत, आलेला आहे, आणि त्याचे स्पष्टीकरण तेथे नाही. 'विरेचन' म्हणताना आपण तीनपैकी एक बाजू निवडली आहे, हे विद्यार्थ्याला निदान सांगायला हवे.

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. हामार्तियाला केवळ वस्तुस्थितीविषयीची चूक असे अरुंद करणेही अतिरेकाचे नाही का? टी. सी. डब्ल्यू. स्टिंटन यांनी १९७५ मध्ये नेमका हा मुद्दा मांडला, की या शब्दाची व्याप्ती नैतिक निर्णयातील चुकांपर्यंतही पोचते. मला तो मान्य आहे, आणि 'अँटिगनी'तील क्रेऑन त्याचे चांगले उदाहरण आहे. त्याला काय घडते आहे हे ठाऊक आहे. तरी तो चुकतो. पण तेथेही सोफोक्लीस काय करतो ते पाहावे. अंध द्रष्टा तिरेसियस क्रेऑनला सांगतो, की नेम चुकणे हे सर्वच माणसांना समान आहे. चुकल्यावर जो हट्ट सोडून दुरुस्ती करतो, तो मूढ किंवा अभागी नव्हे. क्रियापद तेच आहे. स्वभावदोष दुरुस्त होत नाही, चूक दुरुस्त होऊ शकते. क्रेऑन दुरुस्तीला निघतोही, पण आधी प्रेताला मूठमाती देतो आणि मग गुहेकडे जातो, तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. मुलाचे प्रेत हातांवर घेऊन परतताना तो आपल्या मतीच्या चुकांना त्याच कुळातील शब्दाने हाक मारतो. जे टळू शकत होते ते टळले नाही, म्हणूनच ते असह्य होते.

शिवाय ही संज्ञा प्रत्येक नाटकाला लावलीच पाहिजे असेही नाही. युरिपिडीसची मिडिया (इ.स.पू. ४३१) आपण काय करणार आहोत हे पुरते जाणून मुलांना मारते. त्याच्याच 'ट्रॉयच्या स्त्रिया'मध्ये (इ.स.पू. ४१५) हेक्युबाची कोणती चूक शोधायची? तिचे नगर जिंकले गेले, नातवाला तटावरून फेकून दिले गेले, ती गुलाम झाली. ॲरिस्टॉटलचा जन्म इ.स.पू. ३८४ चा, सोफोक्लीस आणि युरिपिडीस यांच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी. त्याने त्या नाटकांचा विचार केला तो नंतरच्या पिढीतील एका असामान्य वाचकाच्या नात्याने. त्याच्या संज्ञा उपयोगी आहेत, पण त्या नाटककारांना घालून दिलेले नियम नव्हते. हेक्युबाचा हॅमर्शिया लिहा असा प्रश्न काढणाऱ्याने आपण युद्धातल्या बंदिवान स्त्रीला तिचा गुन्हा विचारतो आहोत, हे ध्यानात घ्यावे.

तेव्हा करायचे काय? ग्रीक शब्द जसेच्या तसे ठेवून काम भागेल असे मला वाटत नाही. न समजलेला परका शब्द पाठ होतो आणि त्याचा मंत्र होतो. उलट नेम चुकणे, वाटा, सुतक यांसारखे आपल्या बोलण्यातले शब्द त्या संज्ञांच्या शेजारी ठेवून पाहावेत. जड तत्सम शब्दांत जो निकाल दडलेला असतो, तो या साध्या शब्दांत नाही. पु. ल. देशपांडे यांचे 'राजा ओयदिपौस' मराठीत उपलब्ध आहे; विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे 'काव्यशास्त्र' मराठीत आणले आहे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून, तेराव्या प्रकरणातील ते एक वाक्य नाटकाशी ताडून पाहायला एक तासिका पुरते.

आणि प्रश्नपत्रिकेतला प्रश्न बदलावा. 'ईडिपसचा स्वभावदोष स्पष्ट करा' याऐवजी 'ईडिपसला काय ठाऊक नव्हते, ते त्याला केव्हा कळले आणि कळल्यावर त्याने काय केले?' असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शक पुस्तकातून उतरवता येणार नाही, त्यासाठी नाटक वाचावे लागेल. वाचणारा शेवटच्या प्रवेशापर्यंत पोचला की त्याला दिसेल, की आंधळा झालेला ईडिपस अपोलोने हे माझ्यावर आणले असे म्हणतो, आणि लगेच डोळ्यांवरचा घाव मात्र माझ्याच हाताचा असेही म्हणतो. जे वाट्याला आले ते आणि जे आपण केले ते, ही दोन्ही तो वेगळी ओळखतो आणि दोन्ही स्वीकारतो. आपल्या उत्तरपत्रिकांत आजवर त्याचा दोष लिहिला गेला. त्याचा हा विवेक लिहिलेला मी अजून वाचलेला नाही. प्रश्न बदलला तर तोही वाचायला मिळेल, अशी आशा आहे.